याचा उपयोग काय?

(महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

काल दिवसभर आपण पोटगी, रेशनकार्ड आणि घरातली मारहाण यांबद्दल बोललो. आज मला दिलेला विषय आहे ‘मुलींचं शिक्षण’. हा विषय आपल्या प्रत्येक शिबिरात असतो आणि त्यावर काय बोलायचं ते आता सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मी जरा वेगळ्या बाजूनं सुरुवात करणार आहे. मी आज समुद्रातल्या किड्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. किड्यांपासून निघून आपण बाईच्या हक्कापर्यंतच पोचणार आहोत.

आधी एक प्रश्न विचारते. मुलीला शिकवा, असं घराघरांत जाऊन सांगताना आपण कारणं काय देतो? आठवून पाहा. मुलगी शिकली की पुढे मुलांचा अभ्यास घेईल. नर्सिंग केलं तर हमखास नोकरी. उद्या नवऱ्यानं टाकलं तर स्वतःच्या पायावर उभी राहील. शिकलेली बाई घराचं आरोग्य सांभाळते. ही कारणं खोटी नाहीत. आईबापांना पटवायला तीच लागतात, मीसुद्धा तीच देते. पण त्यांत ती मुलगी स्वतः कुठे आहे? तिच्या शिकण्याचा फायदा नवऱ्याला, मुलांना, माहेरला, गावाला. तिला एखादी गोष्ट नुसती कळून घ्यावीशी वाटते, एवढं कारण आपण कधी कुणाच्या ओसरीवर बसून दिलं आहे का?

आणि समजा एखाद्या मुलीला असं काही शिकायचं असलं, की ज्याचा कुणालाच उपयोग सांगता येत नाही? तर आपण तिच्या बाजूनं उभ्या राहणार का?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. गेल्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात एक आई आली. तिच्या मुलीची परवानगी घेऊन, पण नाव-गाव न सांगता बोलते. वडील रिक्षा चालवतात, घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. आई म्हणाली, “ताई, पोरीला जरा समजवा. एम.एस्सी. झाली. आता कुठे शाळेत लागायचं, तर पीएच.डी. करते म्हणते. आणि ती कशात, तर दगडाखालच्या किड्यांत. तिन्हीसांजेला खडकात जाऊन बसते. लोक काय म्हणतील? स्थळवाले विचारतात मुलगी काय करते, तर मी काय सांगू?”

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिचा विषय होता किनाऱ्यावर सापडणाऱ्या समुद्री चपट्या कृमींची विविधता. म्हणजे कोणत्या जाती कुठे मिळतात, कोणत्या दगडाखाली, कोणत्या महिन्यात, याची नोंद. तिची तक्रार घरच्यांबद्दल कमी आणि कॉलेजबद्दल जास्त होती. तिला तिथे सांगण्यात आलं होतं, की किनाऱ्यावर भावाला बरोबर नेणार असशील तरच हा विषय घे, नाहीतर प्रयोगशाळेत बसून होईल असा एखादा विषय निवड. भाऊ कामाला जातो. त्याची सुट्टी आणि समुद्राची ओहोटी यांचा मेळ कसा बसायचा?

ही गोष्ट आमच्या बैठकीत आली, तेव्हा आमच्यातल्याच एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, “बाहेर बाकावर मार खाल्लेल्या बायका बसल्यात. या किड्यांचा बायकांना उपयोग काय?” प्रश्न प्रामाणिक होता. आपल्याकडे माणसं कमी, वेळ कमी, पैसा तर त्याहून कमी. तेव्हा या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. आजचं माझं बोलणं म्हणजे ते उत्तर आहे.

आधी हा किडा काय आहे ते सांगते. चपट्या कृमींच्या कुळातले दोन नातेवाईक आपल्याला माहीत आहेत. आतड्यातला पट्टकृमी आणि गुराढोरांच्या यकृतात होणारा पर्णकृमी. ते दुसऱ्याच्या पोटात राहून जगतात. पण याच कुळातले कितीतरी जीव समुद्रात स्वतंत्र राहतात. शास्त्रज्ञ त्यांना पॉलिक्लॅड म्हणतात, म्हणजे पुष्कळ फांद्या असलेले, कारण त्यांचं आतडं अंगभर फांद्यांसारखं पसरलेलं असतं. जीव झाडाच्या पानासारखा पातळ, काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटर लांब. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुस नाही, रक्तसुद्धा नाही. सगळ्या अंगातून श्वास घेतो, म्हणून तर इतका चपटा. खायचं आणि घाण टाकायची वाट एकच. काही जाती मातकट असतात, दगडासारख्या दिसतात. काही इतक्या रंगीत असतात की रेशमी कापडाचा तुकडा पाण्यात लहरतो आहे असं वाटतं. हा रंग सहसा ‘मला खाऊ नका’ असा इशारा असतो, कारण काहींच्या अंगात विष असतं.

आजवर जगात यांच्या सुमारे हजार जातींना नावं मिळाली आहेत. अजून कितीतरी बिननावाच्या आहेत. कारण काम फार किचकट आहे. हा जीव हातात धरता येत नाही, फाटतो. नेहमीच्या औषधात टाकला की आक्रसून गोळा होतो किंवा विरघळायला लागतो. म्हणून आधी जिवंतपणी त्याचा फोटो घ्यायचा, रंग लिहून ठेवायचे, कारण मेल्यावर रंग जातात. मग त्याला ब्रशनं कागदावर सरकवायचा आणि गोठवलेल्या औषधावर अलगद पसरवायचा. इतकं करूनही पुष्कळदा जात ओळखता येत नाही. त्याच्या जननेंद्रियांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली एकापाठोपाठ एक पाहावे लागतात. एका किड्यासाठी कित्येक दिवस.

हे सगळं मी त्या मुलीकडून ऐकलं, आणि मग वाचत गेले. वाचताना एक बाई भेटली. तिची हकीकत सांगते, कारण ती अमेरिकेतली असली तरी तिच्या घरातलं सगळं आपल्या ओळखीचं आहे.

तिचं नाव लिबी हायमन. जन्म १८८८ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. आईवडील युरोपातून आलेले ज्यू. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं, ते नीट चालत नव्हतं. तीन भाऊ आणि ही एकटी मुलगी. घरकाम कुणाच्या वाट्याला आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. कामातून वेळ काढून ही मुलगी रानफुलं गोळा करायची आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बघून त्यांची नावं शोधायची. १९०५ साली शाळेत पहिली आली, वर्गात वयानं सर्वांत लहान. पुढे काय? कॉलेजचा विचारही कुणी केला नाही. ती एका कारखान्यात लागली. ओटच्या डब्यांवर लेबलं चिकटवायची.

१९०६ मध्ये एक दिवस कारखान्यातून घरी जाताना तिला तिच्या शाळेतल्या मेरी क्रॉफर्ड नावाच्या बाई भेटल्या. एवढी हुशार मुलगी लेबलं चिकटवते हे ऐकून त्यांना धक्का बसला. त्यांनी धडपड करून शिकागो विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून दिली. हे नाव लक्षात ठेवा, मेरी क्रॉफर्ड. पुढे मी या बाईंकडे परत येणार आहे.

विद्यापीठात लिबीनं आधी वनस्पतिशास्त्र घेतलं. तिथे ज्यू म्हणून तिला त्रास झाला, तेव्हा ती प्राणिशास्त्राकडे वळली. १९१५ साली डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर सोळा-एक वर्षं ती त्याच विद्यापीठात तिच्या प्राध्यापकांची मदतनीस म्हणून राहिली. तिला प्राध्यापकाची जागा आयुष्यात कधीच मिळाली नाही. तिथे ती गोड्या पाण्यातल्या चपट्या कृमींवर प्रयोग करायची. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मोठमोठे संशोधक ज्या किड्यावर प्रयोग करतात त्याची जातच धड ओळखलेली नसते. नाव एकाचं, जीव दुसराच. म्हणून ती नावं आणि जाती नीट लावण्याच्या कामाला लागली, आणि पुढे समुद्रातल्या चपट्या कृमींपर्यंत पोचली.

आता घराकडे वळू. वडील वारल्यावर आई आणि भाऊ शिकागोला येऊन राहिले. दिवसभर प्रयोगशाळेत काम करायचं आणि संध्याकाळी घर सांभाळायचं. तिच्या संशोधनाचं कौतुक सोडा, आईला आणि भावांना ते मुळीच पसंत नव्हतं. १९२९ साली आई गेली, तोवर हे असंच चाललं. म्हणजे डॉक्टरेट मिळालेली बाई चाळिशीपर्यंत घरात कुणाची तरी मुलगी आणि बहीण म्हणून राबत होती. आपल्या गावातल्या किती शिक्षिका, किती ग्रामसेविका अशा आहेत!

तिची सुटका कशानं झाली ते आपल्या बचत गटातल्या बायकांनी ऐकण्यासारखं आहे. १९१९ आणि १९२२ साली तिनं विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेत वापरायची दोन पुस्तकं लिहिली होती. दुसरं पुस्तक पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर. त्या विषयात तिला रस नव्हता, पण पुस्तकं कॉलेजांतून खूप खपली. त्यांचे पैसे वर्षानुवर्षं तिच्या हातात येत राहिले. थोडे, पण तिचे स्वतःचे. त्या पैशांवर तिनं १९३१ मध्ये नोकरी सोडली, युरोप पाहिला आणि न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या निसर्ग-इतिहासाच्या मोठ्या संग्रहालयाजवळ राहिली, कारण तिथे ग्रंथालय होतं. १९३७ साली संग्रहालयानं तिला बसायला खोली दिली. पगार दिला नाही.

त्या खोलीत बसून तिनं कणा नसलेल्या सगळ्या प्राण्यांवर एकटीनं ग्रंथ लिहायला घेतला. मदतनीस नाही, टंकलेखनिक नाही. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा भाषांतलं जगभरचं संशोधन वाचायचं, टिपणं काढायची, स्वतः टाइप करायचं. चित्रंसुद्धा तिनं स्वतः काढली. पहिला खंड १९४० मध्ये आला, सहावा १९६७ मध्ये. दुसरा, १९५१ चा, चपट्या कृमींवरचा. याशिवाय अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या समुद्री चपट्या कृमींच्या जाती तिनं लावून दिल्या. १९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं तिला सदस्य करून घेतलं, १९६० मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं सुवर्णपदक दिलं. शेवटची वर्षं कंपवातानं काढली, तरी लिहीत होती. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ती गेली.

मैत्रिणींनो, या बाईनं कुणाचं भलं केलं? कुठला रोग बरा केला नाही, धान्याचं उत्पन्न वाढवलं नाही. तिला ते जीव कळून घ्यायचे होते. ते कळून घेण्यासाठी तिला आधी चाळिशीपर्यंत घरकाम करावं लागलं आणि मग बिनपगारी काम करावं लागलं. तिच्या तीन भावांना असं काही करावं लागलं नाही, कारण कर्तेपणाचा खर्च घरातल्या बाईनं उचलायचा असतो.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय सांगता. तर आपल्याकडचं बघू. १९३३ साली मुंबईची कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. परीक्षेत वरचे गुण होते. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. पण संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून. एक वर्ष परीक्षेखाली, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. नीट ऐका. लक्ष विचलित होणार मुलांचं, आणि अट घातली मुलीवर. कमलाबाईंचं काम पाहिल्यावर पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, बटाट्यावरच्या संशोधनातून वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी या द्रव्यासंबंधी लागलेल्या शोधावर. पण आपल्याकडे त्यांच्याबद्दल बोलताना नीरेचं पोषणमूल्य त्यांनी दाखवलं, कुपोषित मुलांना त्याचा उपयोग झाला, हेच आधी येतं. ते काम मोठंच आहे. तरी बघा, मुलांना पाजायच्या नीरेतून आलेली शास्त्रज्ञ आपल्याला चटकन आपली वाटते. बटाट्याच्या पेशीत डोकं घालून बसलेली वाटत नाही.

समुद्राचंही तसंच. बाई बोटीवर नको, ही समजूत शास्त्रातही होती. नागपूरला जन्मलेल्या आदिती पंत यांनी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास केला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं. १९८३ मध्ये त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारताच्या मोहिमेतून तिथे जाणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. ते भारताच्या मोहिमांचं तिसरं वर्ष होतं. आधीच्या दोन्ही मोहिमा नुसत्या पुरुषांच्या.

आता आपल्या मुलीकडे येऊ. हे किडे दगडाखाली असतात, तेव्हा समुद्र खूप आत गेल्याशिवाय दिसत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी सर्वांत आत जाते. आणि आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती येते भर दुपारी आणि मध्यरात्री. मग ओहोटी कधी? पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे नेमक्या त्या दोन वेळा, ज्या वेळी मुलीनं उंबऱ्याच्या आत असायला हवं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. समुद्राला हे सांगितलेलं नाही.

इथे मला आमच्या कार्यकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. बाकावर बसलेल्या बायकांना पोलीस चौकीत, पंचायतीत, सासरी काय विचारतात? “तिथे कशाला गेली होतीस?” माहेरी कशाला गेली होतीस, बाजारात इतका वेळ काय करत होतीस, संध्याकाळी त्या रस्त्यानं कशाला आलीस? आणि या मुलीला विचारतात, “याचा उपयोग काय?” हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. बाई घराबाहेर असली, तर तिच्याकडे सर्वांना पटेल असं कारण हवं. दळण, पाणी, नोकरी, दवाखाना, देऊळ. कारण नसेल तर जे होईल ते तिनं ओढवून घेतलेलं. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात शहरातल्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं. बाईला बाहेर वावरताना सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. खडकावरही तेच.

म्हणून ‘उपयोग काय’ या प्रश्नाला उपयोग सांगून उत्तर द्यायचं नाही, असं माझं मत आहे. सांगता येईल. काही चपटे कृमी कालवांच्या शिंपल्यात शिरून कालवं फस्त करतात, तेव्हा कालवं पाळणाऱ्यांना त्यांची माहिती हवीच. पण आपण एकदा उपयोगाच्या दारातून आत गेलो, की ज्या मुलीला उपयोग सांगता येत नाही तिच्यासाठी ते दार आपणच बंद करतो.

कुणी म्हणेल, हे शिकलेल्या पोरींचे चोचले. कष्टकरी बाईला कुठलं कुतूहल? मला हे मान्य नाही, आणि मला ते शिकवलं कालवं काढणाऱ्या बायकांनी. त्या मुलीला आम्ही सांगितलं, भाऊ नको, या काकींना विचार. त्या उधाणाच्या ओहोटीला खडकात असतातच, पिढ्यान्‌पिढ्या. दोघी तयार झाल्या. पहिल्याच दिवशी तिनं एक किडा दाखवला, तर काकी म्हणाल्या, “हा होय? हा पलीकडच्या खडकात थंडीत जास्त मिळतो.” त्यांनी तो पाहिला होता, जागा आणि हंगाम लक्षात ठेवला होता. त्याला बाजारात दर नव्हता, तरीसुद्धा. कुतूहल त्यांनाही होतं, फक्त त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. मुलीनं दोन गोष्टी कबूल केल्या. सोबतीच्या दिवसाची मजुरी द्यायची आणि नोंदवहीत माहिती कुणी दिली ते त्यांच्या नावानिशी लिहायचं. बायकांच्या तोंडून आलेलं ज्ञान पुस्तकात शिरताना बिननावाचं होतं, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

शब्दांचंही एक सांगते. चपटे कृमी उभयलिंगी असतात. प्रत्येक जीव नरही आणि मादीही. १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात निको मिशिएल्स आणि लेस्ली न्यूमन यांनी एका समुद्री जातीबद्दल लिहिलं. दोन जीव भेटले की दोघंही एकमेकांना टोचून अंगात शुक्राणू सोडू पाहतात आणि स्वतः टोचून घेणं टाळतात. कारण टोचल्यानं जखम होते, आणि अंडी घडवण्याचा खर्च शुक्राणूंपेक्षा मोठा. दोघांनाही टोचलं जाऊ शकतं. पण लोकांसाठी ही गोष्ट सांगताना ती कशी झाली? ‘तलवारबाजीत जो हरतो तो आई होतो.’ ज्या प्राण्यात बाई नाही आणि बाप्या नाही, तिथेही हरणाऱ्याला आपण आई करून टाकलं! शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. सांगणाऱ्याच्या डोक्यात आधीच काय बसलेलं असतं, ते म्हणते. आणि म्हणूनच बघणाऱ्यांत, लिहिणाऱ्यांत आपल्या मुली हव्यात.

आता कायद्याचं. हे लिहून घ्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही त्यात येते. आणि विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची नियमावली आहे. तिच्यात अभ्यासासाठी कॉलेजबाहेर जाणं, सहली, शिबिरं, तिथवरचा प्रवास हे सगळं येतं. म्हणजे खडकावर मुलगी सुरक्षित असणं ही कॉलेजची जबाबदारी आहे. भाऊ आणण्याची अट घालून ती जबाबदारी झटकता येत नाही. आम्ही त्या मुलीच्या सहीनं असं पत्र दिलं. तिथली तक्रार समिती कागदावर होती, तिची बैठक झाली नव्हती. ती झाली. अट लेखी मागे घेतलेली नाही, पण विषय बदलण्याचं आता कुणी बोलत नाही. फेलोशिपचे पैसे उशिरा येतात, मजुरी ती शिकवण्या करून देते. घरी अजून स्थळं येतात. आई मात्र परवा मला म्हणाली, “विचारलं तर आता सांगते, दर्यातल्या जिवांची नावं लावते म्हणून.” ही लढाई जिंकली असं मी म्हणणार नाही. चालू आहे.

आपण काय करायचं? मी तीन कामं सुचवते, त्यांवर दुपारच्या गटचर्चेत बोला.

एक. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात तक्रार समिती आहे का, तिच्यात कोण आहे, आणि बाहेर अभ्यासाला जाणाऱ्या मुलींसाठी काय व्यवस्था आहे, हे लेखी विचारा. तक्रार येण्याची वाट पाहू नका.

दोन. सोबत. मुलीला संध्याकाळी बाहेर जायचं असेल तर ‘पुरुष कोण आहे बरोबर’ हा प्रश्न आपण तरी विचारू नये. आपल्या गटांत किती बायका आहेत! नदीवर, डोंगरात, समुद्रावर रोज जाणाऱ्या. त्यांना माहीत आहे कुठे पाय घसरतो आणि कुठल्या वेळी निघायला हवं. त्यांची सोबत मागा आणि त्यांच्या वेळेची मजुरी द्या.

तीन. मेरी क्रॉफर्ड व्हा. त्या बाईंनी भाषण केलं नाही, चळवळ उभारली नाही. रस्त्यात भेटलेल्या मुलीला विचारलं, तू काय करतेस? आणि उत्तर ऐकून स्वस्थ बसल्या नाहीत. आपल्या गावात दहावी-बारावीला वर आलेली मुलगी आज कुठे आहे, याची यादी करा. काजूच्या कारखान्यात असेल, कपड्याच्या दुकानात असेल, लग्न होऊन गेली असेल. तिच्याकडे जा. आणि तिला ‘काय केलंस तर नोकरी लागेल’ हे विचारण्याआधी एकदा तरी विचारा, तुला काय कळून घ्यावंसं वाटतं?

ती कदाचित गप्प बसेल, कारण हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो. थांबा. पुन्हा विचारा. मग ती जे सांगेल ते पोटाला देणारं असो वा नसो, ते तिचं आहे एवढ्या कारणावर तिच्या घरच्यांशी बोलायची आपली तयारी हवी.